जिवंत आईसाठी वाढलेलं पान

माझी आई जिवंत असताना मी ती मेली असं सांगितलं. लग्नाच्या आधीच सांगितलं, आणि मग दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला तिच्या नावानं वाढलेल्या पानाशेजारी बसून जेवलो. हे माझ्या बायकोला ठाऊक नव्हतं, सासऱ्यांना नव्हतं, ज्यांच्या दुकानात माझं आयुष्य गेलं त्या रशीदभाईंनाही नव्हतं. यंदाच्या अमावास्येपर्यंत कुणालाच नव्हतं. या अंकाच्या संपादकांनी मला मोटार वाइंडिंगच्या कामावर लिहायला सांगितलं आहे, नेपाळचा माणूस केजात येऊन मोटारी कशा भरायला लागला ते. लिहायला बसलो की पहिलं वाक्य हेच यायचं. दोन-तीनदा कागद फाडला. आता फाडत नाही.

माझं नाव टेकबहादूर. इकडे कुणाही नेपाळी माणसाला बहादूर म्हणतात, त्यामुळे कुणी नाव विचारलं आणि मी खरं सांगितलं तर त्याला वाटायचं, हा आपली थट्टा करतोय. गाव पश्चिम नेपाळच्या डोंगरात. विशीतच आखातात गेलो आणि एका इस्पितळात थंड हवेच्या यंत्रांच्या मोटारी दुरुस्त करायला लागलो. सुनंदा तिथं नर्स होती. केज आणि अंबाजोगाईच्या मधल्या एका गावातली, अंबाजोगाईला शिकलेली. तिच्या वॉर्डातली हवा थंड होईना म्हणून ती माझ्याशी भांडायला गच्चीवर आली, तिथून ओळख झाली.

एकदा तिनं विचारलं, घरी कोण कोण आहे? नेमकं त्याच आठवड्यात माझं थोरल्या भावाशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं. वडील गेल्यावर त्यानं जमीन आपल्या एकट्याच्या नावावर करून घेतली होती आणि आई गप्प बसली होती. मी रागात म्हणालो, कोणी नाही. सुनंदाची आई ती शाळेत असतानाच गेलेली. तिचे डोळे भरून आले. माझ्यासाठी परक्या मुलखात कुणी रडावं हे मला नवीन होतं. मी तिला रडू दिलं. राग महिन्याभरात ओसरला, आईशी बोलणंही सुरू झालं, पण सुनंदाला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी ठेवलं.

पुढं सुनंदाच्या वडिलांना, तात्यांना, अर्धांगवायूचा झटका आला. ती एकुलती एक. तिला परतावं लागलं आणि तिच्यामागे मी आलो. भावकी बसली. जात कोणती, भाषा कोणती, उद्या हा पळून गेला तर विचारायचं कुणाला? तात्यांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, शब्द तुटत यायचे. ते म्हणाले, "पोराला मागं कुणी न्हाई. म्हणून तर हितं ऱ्हाईल."

त्या एका वाक्यावर लग्न झालं. आता आई आहे असं सांगितलं असतं तर पायाखालचीच फळी काढल्यासारखं झालं असतं. मी घरजावई झालो आणि गप्प राहिलो.

पहिल्याच पितृपक्षात तात्यांनी विचारलं, "पाव्हणं, आईची तिथी कोणती?" मी म्हणालो, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, कळलं यांना. मग म्हणाले, "मग सर्वपित्रीला घालू. कुणाचं पान राहू न्हाई." अमावास्येला सुनंदानं खीर केली, कढी केली, भजी तळली. दोन पानं वाढली, एक तिच्या आईचं, एक माझ्या आईचं. चालणाऱ्या एका हातानं तात्यांनी पत्र्यावर घास ठेवले. माझ्या आईचा घास कावळ्यानं लगेच उचलला. तात्यांना फार बरं वाटलं. म्हणाले, तुमची आई तृप्त हाय.

दुसऱ्या दिवशी घट बसले. इथं घटाखालच्या मातीत धान्य पेरतात तसं आमच्याकडेही त्याच दिवशी जव पेरतात. त्याच्या पिवळ्या कोंबांना जमरा म्हणतात. दसऱ्याला घरातलं मोठं माणूस लहानांच्या कपाळी तांदळाचा टीका लावतं आणि जमरा डोक्यावर खोचतं. आई दरवर्षी माझ्या वाटणीचा जमरा पेरायची. म्हणजे आदल्या दिवशी इथं तिला जेवू घातलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी ती तिथं माझ्यासाठी माती भिजवायची. देवघरातले कोंब रोज बोटभर वाढायचे, आणि मी तिकडे बघायचं टाळायचो.

आता कामाचं. नेपाळच्या माणसाला भारतात काम करायला परवाना लागत नाही. मला वाटलं होतं, मग काम मिळायला काय अडचण? तात्यांच्या चुलतभावानं कापसाच्या गोदामावर रात्रीची राखण आणली. "काठी आन् शिट्टी तेवढी घ्यायची, बाकी तुमच्या नावातच हाय." मी नको म्हणालो तर भावकीला राग आला, घरजावयाला कशाला एवढी पसंती-नापसंती. मग केजच्या स्टँडजवळ चायनीजची गाडी लावणारा एक जण आला. मी त्याला स्पष्ट सांगितलं की मला यातलं काही येत नाही. तो म्हणाला, "तोंड तुमचं, हात माजा. तुमी नुसतं कढईम्होरं उभं ऱ्हावा." मी उभा राहिलो. आमच्या डोंगरात नूडल्स पाण्यात उकळून खायचे. ते कढईत उडवायचे असतात हे मला केजात कळलं. माणसं खायला कमी आणि बघायला जास्त यायची.

एका संध्याकाळी भट्टीचा ब्लोअर बंद पडला. मालक शिव्या देत होता. मी तो उघडला, आत तुटलेली तार सापडली, जोडली, फिरवला. बाकावर एक दाढीवाले गृहस्थ बशी घेऊन बसले होते. जाताना म्हणाले, "नूडल्स एकदम बेकार केल्यास. ब्लोअर बरा जोडलास. उद्या माज्या दुकानात ये बे." ते रशीदभाई. त्यांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात मी अजून आहे.

मोटार जळते म्हणजे आग लागते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे असतात, त्याला कॉइल म्हणतात. वीज कमी दाबानं आली, तीन तारांतली एक गेली, किंवा पाणी खाली जाऊन मोटार कोरडीच फिरत राहिली, की तार तापते, तिच्यावरचं रोगण करपतं, आणि मग मोटार नुसती घुमते, फिरत नाही. आमचं काम ही करपलेली कॉइल उपटून नवी भरायचं. उपटण्याआधी जुने वेढे मोजायचे, कारण तेवढेच नवे भरायचे असतात. कमी भरले तरी मोटार सुरू होते. गिऱ्हाईक हसत घरी जातं. आठवड्यात परत येतं. गाळ्यांत, म्हणजे आतल्या खाचांत, कागद घालायचा, तार बसवायची, वर बांबूच्या पातळ पट्ट्या ठोकायच्या, रोगण पाजायचं, वाळवायचं. बोअरमधल्या मोटारीची तार तर प्लॅस्टिकच्या आवरणाची असते, ती एकेक वेढा हातानं ओवावी लागते. हात चालतो आणि डोकं मोकळं राहतं. हे काम एकट्या माणसाला फार मानवतं, आणि फार वाईटही.

मराठी मी त्या दुकानातच शिकलो, त्यामुळे ती जरा काळवंडलेलीच आहे. गिऱ्हाइकं मोटार गोधडीत गुंडाळून आणायची. शिरूर कासारकडून एक जण वडाप जीपमध्ये मोटारीसाठी शेजारची जागा अडवून आला आणि उतरल्यावर तिला सावलीत ठेवा म्हणाला. पुढं पुढं लोक मला बसवायलाही न्यायला लागले. 'बहादूरचा हात गुणाचा हाय' असं कुणीतरी उठवलं. मोटार खाली सोडली की नारळ फोडायचा आणि स्टार्टरचं बटण मी दाबायचं. आधी गढूळ पाणी, मग स्वच्छ. घरातली म्हातारी पाइपाला हळद-कुंकू लावायची आणि चहा देताना हमखास विचारायची, आई हाय का रे तुला? मी न्हाई म्हणायचो. असं मी किती शिवारांत सांगितलं असेल.

आईशी फोन दुकानातूनच व्हायचा, रशीदभाई नमाजाला गेले की. लग्न झालं हे तिला सांगितलं होतं, मुलगी झाली तेही. इकडच्यांना ती नव्हती, पण तिला हे सगळे होते. ती सुनंदाचं नाव घेऊन विचारायची, स्वयंपाक कसा करते, चिडते का. म्हणायची, कान्छा, तिला एकदा घेऊन ये, मला तिच्या हातचं खायचंय. कान्छा म्हणजे धाकटा. मी म्हणायचो, पुढच्या दसऱ्याला.

एकदा तिनं माझा चुलतभाऊ दिल याला पाठवलं. तो पुण्यात हॉटेलात कामाला होता. केजच्या स्टँडवरून त्यानं फोन केला, मी आलोय, वहिनीला भेटायचंय. मी धावत गेलो. त्याला तिथंच चहा पाजला, भजी खाऊ घातली, आणि म्हणालो, घरी आजारपण आहे, आता नको.  रात्रभर बसमध्ये बसून आलेला माणूस मी दुपारच्या बसनं परत पाठवला. त्यानं आईनं गावाहून पाठवलेलं गुंद्रुक हातात ठेवलं. हा आमच्याकडचा वाळवलेला, आंबवलेला पाला, त्याचं सार करतात. घरी नेता येईना. दुकानात कप्प्यात ठेवलं. रशीदभाईंनी वास घेऊन विचारलं, ही कसली तंबाखू? मी म्हणालो, नेपाळी औषध. पुढं कितीतरी दुपारी ते पेल्यात गरम पाणी घालून एकट्यानं प्यालो. मीठसुद्धा नसायचं.

आणि आरती. माझी लेक. ती लहान असताना एकदा दुकानात आली होती आणि नेमका आईचा फोन आला. आई म्हणाली, एकदा तिचा आवाज ऐकव. मी आरतीला म्हणालो, एका गिऱ्हाइकाची आजी आहे, नमस्ते म्हण. आरती म्हणाली, "नमस्ते आजी, जेवलात का?" आईला मराठी काय कळणार? ती हसत होती की रडत होती ते मला त्या खरखरीत कळलं नाही. आरतीनं फोन परत दिला आणि विचारलं, "बाबा, ती आजी माझं नाव कशी काय घेते?" मी म्हणालो, मीच सांगितलं आत्ता.

आमच्या दुकानात दसरा-दिवाळीनंतर रॅक मोटारींनी भरून जाते. ऊसतोडीला जाणारी माणसं जळलेली मोटार टाकतात आणि टोळीबरोबर कारखान्याला निघून जातात. मोटार चार दिवसांत होते, पण माणूस उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. तोवर ती रॅकवर, नावाची चिठ्ठी लावून. त्यातल्या एका मोटारीची म्हातारी होती, ठकूबाई. मुलगा-सून तोडीवर आणि ही गावात एकटी. दर बाजाराला यायची.

"झाली का रे मोटार?"

"झाली, आजी. पोरगा आल्यावर नेतो म्हणालाय."

"असू दे. बघून जाते."

मोटारीवर हात ठेवून थोडा वेळ बसायची. मोटारीचं तिला काय पडलं होतं, पण मुलाची तेवढी एक वस्तू बाजाराच्या गावात होती. एकदा उठता उठता तिनंही विचारलं, आई हाय का? मी नेहमीचं सांगितलं. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बरंच हाय म्हण की. वाट बघणारं कुणी न्हाई मागं."

त्या दिवशी मी घरी गेलो आणि सुनंदाला म्हणालो, येत्या दसऱ्याला नेपाळला जाऊन येऊ, तुला गाव दाखवतो. ती इतकी खूश झाली की तिनं शेजारणींना सांगून टाकलं. शेजारणी तिला नेहमी म्हणायच्या, तुझं नशीब थोर, सासूच न्हाई. ती हसून म्हणायची, नुसतं घर बघायला जाणार आहे. दसरा जवळ आला तसं मी मनाशी वेळ पुढं ढकलायला लागलो. वाटेत सांगू म्हणालो, निघताना सांगू म्हणालो, शेवटी तिला दुकानात काम फार आहे म्हणालो. सुनंदानं बॅग परत माळ्यावर टाकली. आईला फोन करून सांगितलं, पुढच्या वर्षी. ती म्हणाली, हो, हो, काम महत्त्वाचं. त्या वर्षी तिचा आवाज खोल गेला होता.

गेल्या माघात दिलचा फोन आला. मी बोअरची मोटार भरत होतो, गिऱ्हाईक समोर खुर्चीवर बसलेलं. दिल म्हणाला, आमा गेली. सकाळी उठलीच नाही. मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि पुढचा वेढा ओवला. गिऱ्हाइकानं विचारलं, काय झालं बहादूर? मी म्हणालो, काही नाही, घरचा फोन. काय करायचं होतं? इथं माझी आई केव्हाच मेलेली होती. मेलेली बाई पुन्हा कशी मरेल? त्या दिवशी घरी मटण होतं. मी जेवलो. सुनंदानं विचारलं, आणखी वाढू का? मी हो म्हणालो.

ती मोटार आठवड्यात परत आली. रशीदभाईंनी ती स्वतः उघडली, कॉइल कापली, वेढे मोजले. पुन्हा मोजले.

"टेकू, वेढे कमी पडलेत बे."

माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं.  त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि माझ्याजवळ स्टूल घेऊन बसले.

"कोण गेलं?"

"कुणी नाही."

 ते उठले, ती मोटार त्यांनी स्वतः भरली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "चूक माजी हाय, डोळे कमी झालेत." 

मग यंदाची सर्वपित्री आली. तात्या जाऊन आता काही वर्षं झाली, त्यामुळे पानं तीन असतात. आरती अंबाजोगाईला कॉलेजात असते. घरी आम्ही दोघंच. सुनंदा गॅसजवळ खीर हलवत होती. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "सुनंदा, माझ्या आईचं पान या वर्षी पहिल्यांदा खरं आहे."

तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं. गच्चीवरचं, तात्यांचं, दिलचं, आरतीच्या फोनचं, मटणाचं. कुठलंच गाळलं नाही. तिनं खीर हलवायची थांबवली आणि खाली बसली. खीर तळाला लागल्याचा वास आला, तरी ती उठली नाही.

मग तिनं विचारलं, "नाव काय हुतं?"

इतक्या वर्षांत घास ठेवताना तात्या 'जावयाची आई' म्हणायचे, नंतर सुनंदा 'यांची आई'. नाव कुणी विचारलं नव्हतं, मी दिलं नव्हतं. मी म्हणालो, हरिमाया.

सुनंदानं तीन पानं वाढली. घास घेऊन पत्र्याकडं गेली, प्रत्येक घास ठेवताना नाव घेतलं. तिसऱ्या घासाला हरिमाया म्हणताना तिचा आवाज नर्सचा झाला, पेशंटला हाक मारतात तसा. आत आली आणि माझ्याकडं न बघता बोलली, "इतकी वर्षं त्या बाईसाठी मी रांधलं. एकदाबी समोर बसवून वाढलं न्हाई."

मी काहीतरी म्हणायला गेलो, तर म्हणाली, "सासू हुती मला. तुमी न्हाई म्हणलात."

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा ठेवते, डबा देते. आरतीला तिनंच फोनवर सांगितलं. आरती एवढंच म्हणाली की तिला तो फोन आठवतो, आणि मग तिनं फोन ठेवून दिला. रशीदभाईंना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, जा बाबा, एकदा जाऊन ये तिकडं, दुकान कुठं पळतंय? सुनंदा म्हणते, दिवाळी झाली की निघायचं, मी येणार आहे, तुमच्यासाठी नाही. हा लेख छापायला द्यायच्या आधी मी तिच्यापुढं ठेवला. तिनं वाचला आणि एक ओळही काढायला सांगितली नाही.

थोरल्या भावानं तिकडं सगळं रीतसर केलं, डोकं भादरलं, पांढरं नेसला, तेरा दिवस एकवेळ अळणी जेवून काढले. त्याच्यावरचा माझा राग कशासाठी होता, तेही आता नीट आठवत नाही. त्यानं केलं ते त्याच्या वाटणीचं. माझ्या वाटणीचं कुणाला करता येत नाही.

सुनंदाला मी एक सासू देणं लागतो, आणि ते आता फिटणारं नाही. आईचे तेरा दिवस देणं लागतो. त्यातला एकही मी अजून दिलेला नाही.